मदत हवी आहे: फोटोवरून पाईक माशाचा खरा आकार कसा ठरवावा?

शॅननकाठी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आयर्लंडमध्ये गळाने मासे पकडणाऱ्या आमच्या लहानशा गटात यंदाच्या फोटो-स्पर्धेचा निकाल लावण्याचे काम माझ्यावर आले आहे, आणि दोन फोटोंवरून वातावरण थोडे तापले असल्यामुळे जाणकारांचा सल्ला हवा आहे. स्पर्धा पाईक माशाची आहे. हा गोड्या पाण्यातला, चपट्या चोचीसारख्या तोंडाचा, हिरवट अंगावर फिकट ठिपके असलेला शिकारी मासा असून त्यातली मोठी म्हणून मिरवली जाणारी प्रत्येक मासळी बहुधा मादीच असते, कारण नर फारसे वाढत नाहीत.

पहिल्या फोटोत आमचे एक सदस्य होडीत बसले आहेत, दोन्ही हात कोपरापासून सरळ पुढे ताणलेले आहेत आणि मासा जवळजवळ पूर्ण चौकट व्यापतो. खाली '३० पौंड' असे लिहिले आहे. वजनकाट्याचा फोटो नाही. दुसऱ्या फोटोत माणूसच नाही. ओल्या चटईवर मासा आडवा ठेवला आहे, शेजारी टेप आहे आणि शेपटीचे टोक १०४ सेंटीमीटरवर आले आहे. पाहणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जण पहिलाच मासा मोठा म्हणतील, आणि आमच्या गटात नेमके तेच झाले आहे. त्यातच कोणीतरी हा फोटो गावाकडच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर पाठवला आणि तिथे पोहोचेपर्यंत पौंडांचे किलो झाले. ३० किलोचा पाईक म्हणजे जागतिक विक्रमच मोडला, कारण १९८६ साली जर्मनीतल्या ग्रेफर्न तलावात मिळालेला, गळाने पकडलेल्या पाईकचा मान्यताप्राप्त विक्रमही २५ किलोच्या आसपासच आहे.

मासा घरी आणून सर्वांसमक्ष तोलण्याचा मार्ग इथे बंद आहे. आयर्लंडमधल्या २००६ च्या नियमानुसार ५० सेंटीमीटरहून लांब पाईक मारता येत नाही, त्यामुळे मोठा मासा पाण्यात परत सोडावाच लागतो आणि पुरावा म्हणून केवळ फोटो उरतो. नियम योग्यच आहे. प्रश्न पुराव्याचा आहे. पहिल्या फोटोतून माशाची लांबी काही प्रमाणात तरी काढता येईल का, १०४ सेंटीमीटरच्या माशाचे वजन साधारण किती धरावे, आणि पुढच्या हंगामासाठी माशाला इजा न होता पाळता येईल असा कोणता नियम करावा, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे. संबंधित सदस्य वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे आहेत, म्हणून त्यांना खोटे ठरवल्यासारखे होऊ नये, ही विनंती.

टेप_आणि_तागडी

शॅननकाठी, तुमच्या सदस्यांनी खोटे सांगितले असे गृहीत धरण्याचे कारण नाही, पण त्यांच्या फोटोला साक्षीदार म्हणून उभे करता येणार नाही. फोन चेहऱ्यापासून दीड मीटरवर असेल आणि मासा चेहऱ्याच्या अर्धा मीटर पुढे धरला असेल, तर फोन आणि मासा यांच्यात एकच मीटर उरतो, म्हणजे चेहऱ्याच्या तुलनेत मासा दीडपट मोठा दिसतो. तोच फोटो चार मीटरवरून काढला असता तर ही वाढ सातव्या हिश्शाच्या आसपास राहिली असती. म्हणून माशाची तुलना चेहऱ्याशी, टोपीशी किंवा मागच्या होडीशी कधीही करू नये.

तुलना करायची असेल तर माशाला प्रत्यक्ष टेकलेल्या बोटांशी करावी, कारण ती माशाइतक्याच अंतरावर असतात. तुमच्या सदस्यांचा हात आजही तोच आहे! कल्ल्याच्या झाकणावर ठेवलेल्या त्यांच्या अंगठ्याची रुंदी मोजून घ्या आणि त्या मापाने फोटोतले डोके मोजा. पाईकचे डोके एकूण लांबीच्या साधारण पाव हिश्शाहून थोडे अधिक असते. बोटे माशाच्या मागे लपवलेली असतील, तर मात्र हा उपाय चालत नाही (आणि अनेक जण ती मुद्दाम लपवतात). डोळाही पाहावा. मासा वाढतो तसा डोळा त्याच प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे डोक्याच्या मानाने डोळा मोठा वाटला तर मासा लहान असण्याची शक्यता अधिक.

या हिशेबात दहा टक्क्यांची चूक सहज होते आणि वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने लांबीतली दहा टक्क्यांची चूक वजनात तेहतीस टक्क्यांची होते. म्हणूनच फोटोवरून पौंड सांगणे मला पटत नाही. ढोबळमानाने मीटरभर लांबीचा पाईक साडेसात किलोच्या आसपास भरतो, तर ३० पौंडांसाठी, म्हणजे १३.६ किलोसाठी, सुमारे १२० सेंटीमीटर लांबी लागते. तुमचा १०४ सेंटीमीटरचा मासा साडेआठ किलोच्या आगेमागे असावा. वसंताच्या तोंडावर मादीच्या पोटात गाभोळी भरलेली असते, तेव्हा त्याच लांबीची मासळी बरीच जड भरते.

मत्स्यपुराणिक

वरील प्रतिसादाशी सहमत. थोडे अवांतर: पाईकच्या बाबतीत पुरावा 'वाढवण्याची' परंपरा कॅमेऱ्याहून कितीतरी जुनी आहे. जर्मनीतल्या मानहाइममध्ये एकोणीस फूट लांबीच्या पाईकचा म्हणून एक सांगाडा जपलेला होता. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३० मध्ये कडे घालून सोडलेला मासा १४९७ मध्ये सापडला, अशी त्याची कथा. पुढे अभ्यासकांनी सांगाडा तपासला तेव्हा एकाहून अधिक माशांचे मणके जोडून तो लांबवल्याचे आढळले. त्यामानाने तुमच्या सदस्यांनी हात फक्त पुढे केले आहेत.

एक उपयोगी गोष्ट मात्र सांगतो. पाईकच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना प्रत्येक माशाची वेगळी असते. एकाच तलावातले फोटो शेजारी ठेवून तीच बाजू तपासली, तर वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या वजनांनी मिरवलेली मासळी एकच असल्याचे कधीकधी लक्षात येते. स्पर्धेसाठी माशाच्या डाव्या बाजूचाच फोटो मागा, म्हणजे नोंदी जुळवता येतील.

शॅननकाठी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. संबंधित सदस्यांशी बोललो. त्यांनी वजन काट्यावर न पाहता अंदाजाने लिहिले होते, असे त्यांनीच सांगितले आणि अंगठा मोजायलाही आनंदाने तयार झाले. त्या मापाने लांबी ९५ ते १०५ सेंटीमीटरच्या दरम्यान कुठेतरी येते, म्हणजे निकाल लावण्याइतकी खात्री होत नाही. यंदा मोजलेल्या माशाला पहिला क्रमांक देत आहे. पुढच्या वर्षी केवळ लांबी धरावी असे ठरते आहे. तरी टेप कसा लावावा आणि एकटा माणूस मासेमारीला गेला असेल तर फोटो कसा काढावा, एवढे सांगावे.

टेप_आणि_तागडी

टेप माशाच्या अंगावरून टाकू नये, कारण पोटाच्या फुगवट्यामुळे काही सेंटीमीटर फुकट मिळतात. मासा ओल्या चटईवर सपाट ठेवावा, तोंड मिटवून टेपच्या शून्याला टेकवावे आणि शेपटी दाबून टोक लांबवू नये. एकटे असाल तर आधी तिपाईवर फोन लावून टायमर तयार ठेवा, चटई भिजवा, लांब चिमटा हाताशी घ्या, आणि हे सगळे होईपर्यंत मासा जाळ्यातच पण पाण्याखाली राहू द्या. उन्हाळ्यात पाणी तापलेले असताना पाईक फार लवकर थकतो, म्हणून स्पर्धेचा काळ ऑक्टोबरपासून पुढे ठेवलात तर उत्तम.