मदत हवी आहे : साडेचार वर्षांच्या लेकीला मोबाईलवर काय द्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. घरात मराठी, शेजारीपाजारी कोंकणी, बालवाडीत इंग्रजी. लेक तिन्हींत मजेत आहे, गोंधळ माझाच उडालाय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत ३-४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन म्हटलंय, कमी असेल तर उत्तमच. तो तास सत्कारणी लागावा, एवढंच हवंय.

व्हिडिओ लावला की ही गप्प होते; वरणभाताचा घास गालात तसाच, आणि एक संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू. उलट 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावरची मराठी गोष्ट मांडीवर घेऊन वाचली, तर चित्रातल्या माशावर बोट ठेवून ओरडते, "आई, हो बांगडो!" (सासूबाई म्हणतात, बाजारात ने, तिथे खरा दिसेल. तेही खरंच.) पण संध्याकाळी स्वयंपाक करताना मी शेजारी बसू शकत नाही.

तेव्हासाठी नुसत्या ऐकायच्या मराठी-कोंकणी गोष्टी किंवा बडबडगीतं कुठे मिळतील? आधी उतरवून ठेवता येतील अशाच सांगा, सत्तरी तालुक्यात माहेरी रेंज नसते. आणि आपोआप पुढे जाणारे व्हिडिओ तुम्ही कसे आवरलेत?