मदत हवी आहे: रामेश्वर-धनुष्कोडी एका दिवसात, फक्त बसनं, सोबत आई (वय ६९)

शेवग्याची शेंग

नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असते पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय. भाऊ बँकेत आहे, त्याची बदली रामनाथपुरमला झालीय (तिथे सगळे रामनाड म्हणतात), जानेवारीत मी आणि आई आठवडाभर त्याच्याकडे जातोय. तिथून रामेश्वर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. भावाला सुट्टी नाही, वहिनीला सातवा महिना, म्हणजे आम्ही दोघीच. सकाळी निघून रात्री घरी यायचंय, मुक्काम नको, कारण आईला परक्या जागी झोप लागत नाही आणि मग दुसऱ्या दिवशी माझं काही खरं नसतं.

आईची यादी: बावीस कुंडांची अंघोळ, दर्शन, काशीहून आणलेलं गंगाजल वाहणं (चार वर्षं देवघरात गडूत बंद आहे) आणि सेतूची वाळू. माझी यादी: धनुष्कोडीचं पडकं स्टेशन आणि चर्च, पांबनचा समुद्रावरचा पूल, कलामांचं स्मारक. एका गाडीवाल्याला फोन केला तर त्याने दहा पॉइंटचं पॅकेज ऐकवलं, म्हणजे दहा ठिकाणी दहा-दहा मिनिटं उतरा, फोटो काढा, बसा. ते नकोय. शिवाय आईला कारमध्ये मळमळतं पण बसमध्ये नाही, का ते विचारू नका. आम्ही नाशिकच्या, आयुष्य एस्टीत गेलंय.

तर विचारायचं असं की रामेश्वर बेटावर लोकल बस धड फिरतात का, धनुष्कोडीच्या अगदी टोकापर्यंत बस जाते का मध्येच उतरवून जीप घ्यायला लावतात (यूट्यूबवर दोन्ही दिसतंय), आधी देऊळ का आधी धनुष्कोडी, आणि आईचा एक गुडघा जरा कुरकुरतो तर बावीस कुंडं झेपतील का. तमिळ शून्य. कृपया 'गाडी करा' हे उत्तर नको, ते मला भावानेही दिलंय.

साधा माणूस

गाडी करा.

(गंमत हो. पण खरंच, ६९ वय आहे, विचार करा.)

उंडारणारी मांजर

शेंगताई, बिनधास्त बसनं जा. आम्ही दोघं मागच्या वर्षी गेलो होतो, बेटावर एकदाही गाडी केली नाही. जीपवाले व्हिडिओ जुने आहेत. आधी रस्ता जिथे संपायचा तिथून पुढे वाळूतून जीप आणि व्हॅन चालायच्या, २०१७ मध्ये पार अरिचल्मुनैपर्यंत डांबरी रस्ता झाला. अरिचल्मुनै म्हणजे ते टोक, जिथे अशोकस्तंभ आहे आणि पुढे फक्त पाणी. बस नंबर ३ लक्षात ठेवा, स्टँडवरून निघून देवळाकडून धनुष्कोडीला जाते. आम्हाला अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरानं मिळाल्या, पण वेळापत्रकाच्या भरवशावर राहू नका, चढतानाच कंडक्टरला परतीचं विचारून ठेवा.

एक गोष्ट नीट समजून घ्या, स्टँड देवळाजवळ नाहीये. साधारण दोन किलोमीटर अलीकडे आहे. रामनाडची बस तुम्हाला स्टँडवर सोडेल आणि लगेच पाच रिक्षावाले घेरतील की देऊळ लांब आहे, बस नाही. बस असते. तिथूनच टाउन बस देवळाकडे जातात. बोर्ड तमिळमध्ये असला तर चढायच्या आधी फक्त "कोविल पोगुमा?" विचारायचं, कोविल म्हणजे देऊळ, पोगुमा म्हणजे जाईल का. तसंच "धनुष्कोडी पोगुमा?". एवढ्या दोन वाक्यांवर आमचा अख्खा दिवस निभावला.

आणि हो, तमिळनाडूत २०२१ पासून साध्या टाउन बसमध्ये बायकांना तिकीट नाही. सगळ्याच बसना ते लागू नाही, लांबच्या बसला तर नाहीच, त्यामुळे पैसे हातात ठेवा आणि कंडक्टर नको म्हणाला तर नको म्हणाला.

कर्जत लोकल

आधी देऊळ, यात वादच नाही. दुपारी एकला बंद होतं ते तीनला उघडतं. तुम्ही आधी धनुष्कोडीला गेलात तर परत येईपर्यंत बारा वाजणार आणि मग ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन दोन तास बाहेर बसा.

माझ्या मते पहाटे पाचची बस पकडा. दीड तास धरा. आधी देवळाच्या पूर्वेला अग्नितीर्थ, म्हणजे समुद्रच, तिथे स्नान, मग ओलेत्याने आत बावीस कुंडं. आम्ही गेलो तेव्हा अधिकृत तिकीट पंचवीस रुपये होतं, पण आत बादली घेऊन उभी असलेली माणसं वेगळे मागतात, ग्रुप करून देतो, लवकर करून देतो वगैरे. आधी ठरवलंत तर ठीक, मध्येच घासाघीस करायला लागलात तर अर्धी बादली अंगावर आणि अर्धी जमिनीवर. शेवटचं कोटी तीर्थ, त्याचं पाणी लोक घरी नेतात, रिकामी बाटली ठेवा.

ओल्या कपड्याने गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, म्हणजे कोरडा जोड हवाच. मोबाईलही आत नाही. तिथला लांबच लांब खांबांचा सोपा (१२१२ खांब सांगतात) डोळ्यांनीच बघायचा, जे एका अर्थी बरंच आहे.

उंडारणारी मांजर

गुडघ्याचं राहिलं. कुंडं एका ओळीत नाहीत, आवारभर पसरलीत, आणि सगळीकडे फरशी सतत ओली. चढ-उतार फार नाही पण घसरण्याची भीती आहे, आणि पायात काही नाही. माझ्या सासूबाईंनी बावीस केली, वय ७२, पण त्यांना धरायला दोन्हीकडून माणूस होतं. पाण्यात काही नाही हो, धावपळीत आहे, ग्रुपमधली तरणी पोरं पळत सुटतात पुढच्या कुंडाकडे. ग्रुप न करता सावकाश करा.

तंजावरी

मी चेन्नईत असतो, आमचं घर मूळ तंजावरचं, त्यामुळे माझं मराठी जुनं वाटलं तर सांभाळून घ्या. दोन गोष्टी सांगतो ज्या गाडीवाला सांगणार नाही.

एक. गंगाजलासाठी देवळाच्या ऑफिसात अभिषेकाची पावती मिळते, सकाळी लवकर विचारा, बाहेर कुणी दलाल भेटला तर त्याच्याकडून नको. आणि आईंना सांगा की रामेश्वराची पूजा करणारे गुरुजी मूळ महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घराण्यातले आहेत, शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेले. आता बोलतात तमिळच, तेव्हा मराठीत गप्पा मारायला जाऊ नका. आमच्या तंजावरच्या भोसल्यांनी तर रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी जागोजाग छत्रं बांधली होती, राहायला आणि जेवायला फुकट. तुम्ही बसनं जाताय म्हणून घाबरू नका, तेव्हाचे लोक पायी यायचे.

दोन. धनुष्कोडीला जाताना ते कशाचं पडकं गाव आहे हे आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर नुसते दगड दिसतात. आजोबा सांगायचे, मद्रासला एग्मोर स्टेशनवर बोट मेल नावाच्या गाडीत बसायचं, गाडी थेट धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत, तिथून आगबोटीनं श्रीलंकेतलं तलैमन्नार आणि पुढे रेल्वेनं कोलंबो, एकाच तिकिटावर. १९६४ च्या डिसेंबरात, २२ च्या रात्री वादळ आलं, पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या जवळ येऊन लाटेखाली गेली, गाडीतलं कुणी वाचलं नाही. त्यानंतर सरकारने गाव राहण्याजोगं नाही असं जाहीर केलं. स्टेशन, चर्च, पोस्ट, जे उभं आहे ते तेव्हापासून तसंच. ही पडकी घरं टोकाच्या काही किलोमीटर अलीकडे आहेत, बस तिथे थांबते, पण तुम्ही सांगितलं तर.

साधा माणूस

आता सिरियसली. धनुष्कोडीला सावली नाही. जानेवारीतही दुपारी वाळू तापते. टोपी, पाणी, आणि आईंसाठी छत्री, पण वारा असा आहे की छत्री उलटी होते, म्हणजे पंचाच न्या. पाण्यात उतरायचं नाही, दोन समुद्र एकत्र येतात तिथे ओढ जबरदस्त आहे. संध्याकाळी पोलीस सगळ्यांना परत पाठवतात, सूर्यास्त बघू वगैरे मनात असेल तर काढून टाका. चारची परतीची बस धरा.

जेवण देवळाजवळच उरका, पुढे फक्त तळलेले मासे आणि शंख-शिंपल्यांच्या टपऱ्या. तुम्ही खाणाऱ्या असाल तर मासे फर्स्ट क्लास. आईंसमोर खाता येत नसतील तर तुमचं नशीब.

शेवग्याची शेंग

बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांना थँक्यू. साधा माणूस, आई माळकरी आहे त्यामुळे माशाचं जाऊ दे. तंजावरी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, गुरुजींचं ऐकून ती म्हणाली, "मग नाथांच्या गाढवाची गोष्ट त्यांना माहीत असेल." नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायचं गंगाजल वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजलं ती गोष्ट. मी म्हटलं तू नको पाजूस कुणाला, मोठ्या मुश्किलीने गडूचं झाकण बसवलंय.

अजून दोनच शंका. पांबनचा पूल बसमधून दिसतो का? आणि कलाम स्मारक बसच्या वाटेवर आहे का?

कर्जत लोकल

दिसतो म्हणजे काय, तुम्ही त्याच्या शेजारूनच जाता. रस्त्याचा पूल १९८८ चा, सव्वादोन किलोमीटर, त्याला समांतर रेल्वेचे पूल. जुना १९१४ चा, आणि त्याला लागून नवा, जो २०२५ च्या एप्रिलमध्ये रामनवमीला सुरू झाला. नव्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो जहाज जायला, ७२.५ मीटरचा गाळा आख्खाच्या आख्खा. जुन्याचे दोन पंख उघडायचे. पण बस पुलावर थांबत नाही, आणि पहाटे पाचला निघालात तर धड उजाडलेलंही नसेल. म्हणून येताना रेल्वेनं या! रामेश्वरहून रामनाडला थांबणाऱ्या गाड्या आहेत, नव्या पुलावरून. फक्त वेळ जुळतेय का ते आदल्या दिवशी ॲपवर बघा.

कलाम स्मारक पेईकरुंबूला, हायवेवरच, रामनाडहून येताना रामेश्वर स्टँडच्या अलीकडे. बस तिथून जाते, पण पहाटे ते बंद आणि परतताना तुम्ही दमलेल्या. मी असतो तर ते सोडलं असतं.

उंडारणारी मांजर

+१, कलाम सोडा. किंवा कोदंडरामाचं देऊळ. ते धनुष्कोडीच्या रस्त्यावर आहे, बिभीषणाला राज्याभिषेक झाला म्हणतात ती जागा, पण फाट्यावरून आत चालावं लागतं. दोन्ही केलंत तर तुमचाही दहा पॉइंटचा टूर होईल.

शेवग्याची शेंग

उशिरा लिहितेय, जाऊन आलो! घाईत लिहितेय तेव्हा शुद्धलेखन माफ.

पाचची बस चुकली (आईची पूजा), साडेपाचची मिळाली, त्यामुळे पुलावर नेमकं उजाडलं, कर्जत लोकल, तुमचा अंदाज चुकल्याबद्दल आभार. बावीस कुंडं आईने सावकाश केली, पावणेदोन तास लागले, तेराव्या का चौदाव्याला म्हणाली आता बास आणि मग पुढच्याला स्वतःच निघाली. गंगाजलाची पावती मिळाली. गुरुजी मराठीत बोलले नाहीत, आईने तरी त्यांना नाशिकचा पत्ता सांगितला.

नंबर ३ ची बस खच्चून भरलेली. आईला एका मासे विकणाऱ्या बाईने जागा दिली, पायाशी टोपली, वास तर असा, मी आईच्या तोंडाकडे बघतेय आता काय होतंय, तर पाच मिनिटांत दोघी एकमेकींचे गुडघे दाखवत होत्या. भाषा कुठलीच नाही. ती बाई अलीकडे उतरली आणि जाताना आईच्या पाठीवर थाप मारून गेली.

चर्चपाशी उतरलो, नुसत्या भिंती, वर आकाश. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली गाडीत पोरं असतील ना गं. टोकाला गेलो, वाळू घेतली, चारच्या बसला उभं राहून परत. कलाम सोडले, कोदंडराम खिडकीतून लांबून. रेल्वेची वेळ जुळली नाही, बसनंच आलो, रात्री साडेआठला घरी.

आता पुढचं. सेतूची वाळू प्रयागला नेऊन संगमात सोडल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं आई म्हणतेय, वाळू माझ्या रिकाम्या प्रोटीन पावडरच्या डब्यात आहे आणि डबा देवघरात. मनमाडहून प्रयागराज, आईसोबत, एसी नको म्हणते. नवा धागा काढू का इथेच विचारू?