मदत हवी आहे : भाचीच्या भरतीबद्दल

नमस्कार मंडळी. आमच्या बहिणीचं घर सैनिक टाकळीचं, म्हणजे घरटी एक फौजी. भाची पारलिंगी आहे. लहानपणी मुलगा म्हणून वाढली, आता वय २१. जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र काढलंय. रोज पहाटे पाचला रंकाळ्याला धावते, गोळाफेकही चांगली आहे. स्वप्न मात्र आर्मीचंच. टेंबलाईवरून जाताना टीए (प्रादेशिक सेना) बटालियनच्या गेटकडं बघत राहते.

माझ्या माहितीप्रमाणं सैन्यभरतीत पारलिंगींसाठी वेगळा रकानाच नाही. २०१७ साली नौदलानं लिंगबदल शस्त्रक्रिया केलेल्या एका नाविकाला सेवेतून काढलं होतं. हे तिला सांगितलं तर दोन दिवस जेवली नाही. (दाजी माजी हवालदार, ते अजून या विषयावर बोलतच नाहीत.)

म्हणून पोलीस भरतीकडं वळवावं म्हणतोय. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला पारलिंगी उमेदवारांसाठी नियम करायला लावले. छत्तीसगडात तर २०२१ मध्येच १३ जण शिपाई झाले. पण इथल्या एका अकॅडमीवाल्यानं फी घेतली आणि आठवड्यात "बाकीची पोरं बुजतात" म्हणून परत पाठवलं.

विचारायचं असं, की शारीरिक चाचणीत अंतर आणि वेळ कुठल्या निकषानं धरतात? दहावीच्या दाखल्यावर जुनं नाव आहे, ते कागदपत्र तपासणीत अडतं का? राजपत्रात नाव बदललं तर पुरतं का? आणि कोल्हापुरात नीट वागवणारा कोणी प्रशिक्षक माहीत असेल तर कृपया कळवा. निमलष्करी दलात काही वाट असेल तर तेही सांगा, २०२० मध्ये गृहमंत्रालयानं या दलांची पारलिंगी भरतीबद्दल मतं मागवली होती एवढंच वाचलंय.

टिंगल करणाऱ्यांनी हात आवरा, ती स्वतः हे वाचते.