अमेरिकेतले तरुण मतदार: वर्णाचा प्रश्न खरंच मागे पडलाय का?

वाटसरू_अटलांटा

२०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालापासून इथल्या मराठी मंडळींत एक वाक्य सारखं कानावर येतं: "आताच्या पोरांना काळं-गोरं काही उरलेलं नाही, त्यांना नोकरी आणि घरभाडं कळतं." मला हे अजिबात पटत नाही.

यात दोन गोष्टींची गल्लत होते. तरुण माणूस मत कुणाला देतो हा एक प्रश्न, आणि त्याला मत सुखासुखी देता येतं का हा दुसरा. पहिल्यावर वर्णाची पकड थोडी सैल झाली असेल. दुसऱ्याचं काय?

टेक्सासमधलं प्रेअरी व्ह्यू हे कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ. सत्तरच्या दशकात तिथल्या काउंटीचा नोंदणी अधिकारी मतदार व्हायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात प्रश्नावली ठेवायचा. इथे मालमत्ता आहे का, शिक्षण संपल्यावर इथेच राहणार का, असले प्रश्न. मतदानाचं वय १९७१ मध्येच १८ झालेलं, तरी ही तऱ्हा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७९ मध्ये विद्यार्थी जिंकले. मग २०१८ मध्ये मुदतपूर्व मतदानाची (मतदानाच्या दिवसाआधीच मत देण्याची) पुरेशी सोय मिळत नाही म्हणून त्याच विद्यापीठातल्या पोरांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली.

ग्रीन्सबरोचंही तेच. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी कॉलेजचे चार विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि तिथून बैठे सत्याग्रह दक्षिणेत पसरले. २०१६च्या मतदारसंघांच्या नकाशात त्याच कॉलेजच्या आवारातून, लॉरेल स्ट्रीटवरून रेघ गेली. रस्त्याच्या अलीकडचा विद्यार्थी एका मतदारसंघात, पलीकडचा दुसऱ्या, म्हणजे त्यांची मतं दोन्हीकडे विभागलेली. कृष्णवर्णीय तरुणांचं मतदान गोऱ्या तरुणांपेक्षा कमी दिसलं की "त्यांना पडलेलीच नाही" म्हणणाऱ्यांनी ही रेघ एकदा बघावी.

हिशेबी

असहमत. तुमची उदाहरणं खरी आहेत, निष्कर्ष नाही.

तो २०१६चा नकाशा काढणाऱ्यांनी उघड सांगितलं होतं की राज्याच्या अमेरिकी संसदेतल्या १३ पैकी १० जागा आम्हाला रिपब्लिकन पक्षाला हव्यात. हा पक्षाचा हिशेब झाला. टेक्सासच्या २०११च्या मतदार-ओळखपत्र कायद्यात बंदुकीचा परवाना चालतो आणि कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. पण ते गोऱ्या विद्यार्थ्याचंही चालत नाही! ही अडवणूक वयाची आहे.

आणि ज्याला तुम्ही "थोडी सैल" म्हणून बाजूला सारलंत तीच मोठी बातमी आहे. २०२० ते २०२४ या चार वर्षांत लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) आणि काही प्रमाणात कृष्णवर्णीय तरुण पुरुष ट्रम्पकडे सरकले. त्याच घरांतल्या बहिणी तेवढ्या सरकल्या नाहीत. वर्ण तोच, मोहल्ला तोच, मत वेगळं. तरुणांची मतं आता लिंग आणि शिक्षण यांवरून जास्त ओळखता येतात.

वाटसरू_अटलांटा

पक्षाचा हिशेब म्हणता, पण दक्षिणेत पक्ष आणि वर्ण वेगळे काढून दाखवा. कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्येने एकाच, डेमोक्रॅटिक पक्षाकडे असेल तर त्या पक्षाला कापणारी कात्री त्याच्याच अंगावर चालते.

१९६५च्या मतदान हक्क कायद्याने पूर्वइतिहास वाईट असलेल्या राज्यांना आणि काउंट्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागायची. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी खटल्यात ती अट निकामी केली. ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा नवा कायदा सहीनिशी तयार! त्यात काय होतं बघा: मुदतपूर्व मतदानाचे दिवस कमी, त्याच दिवशी नोंदणी करून मत देण्याची सोय बंद, आणि १६-१७ वर्षांच्या मुलांची आगाऊ नोंदणीही बंद. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने हा कायदा रद्द केला. विधिमंडळाने कोणत्या वर्णाचे लोक कोणती सोय किती वापरतात याची आकडेवारी मागवली होती आणि मग नेमक्या कृष्णवर्णीयांच्या वापरातल्या सोयी छाटल्या, असं त्या निकालात आहे. वय आणि वर्ण, दोन्ही एकाच कायद्यात.

एडिसनची_आई

मी राजकारणावर फारसं लिहीत नाही, पण घरचं सांगते. माझी दोन मुलं, दोघं इथेच जन्मलेली. जून २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात प्रवेशासाठी वर्ण विचारात घेणं सर्वोच्च न्यायालयाने बंद केलं, त्या रात्री जेवणाच्या टेबलावर रणकंदन. मोठा म्हणाला, बरं झालं, आम्हा आशियाई मुलांना जास्त गुण लागायचे. धाकटी म्हणाली, ज्यांनी रस्त्यावर उतरून नागरी हक्क मिळवले त्यांच्याच जिवावर १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आपल्याला या देशात यायला मिळालं आणि तू त्यांचंच दार लावतोस. भाजी गार झाली तरी दोघं हटेनात.

तेव्हा "आशियाई" या चौकटीवर खूण केली म्हणून मत ठरतं हे मला पटत नाही, इथे मी हिशेबींच्या बाजूने. पण एक आहे. दोघंही मतदानाला जाऊन पाच मिनिटांत परत येतात. त्यांच्या हातात कुणी कधी प्रश्नावली ठेवली नाही.

राजगिरा

डेट्रॉइटचं उदाहरण राहिलंच. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये तिथून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेले. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार, कृष्णवर्णीय मतं अनेकांत विभागली, ठाणेदारांनी स्वतःचे लाखो डॉलर प्रचारात घातले. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीयांच्या बहुसंख्येचं शहर, आणि १९५५ पासून पहिल्यांदाच तिथून काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही.

आपल्याकडे पेढे वाटले गेले, "आपला माणूस" म्हणून. मलाही आनंद झाला. मग डेट्रॉइटच्या विशीतल्या मुलीला तिचा माणूस गेल्याचं वाईट वाटलं, तर तिला "वर्ण सोड, कामं बघ" हा उपदेश आपण कोणत्या तोंडाने करायचा?

हिशेबी

राजगिरा, मुद्दा रास्त आहे. पण मग २००८ बघा. ओबामा उभे होते तेव्हा कृष्णवर्णीय तरुणांनी गोऱ्या तरुणांपेक्षा जास्त प्रमाणात मतदान केलं. अडथळे तेव्हाही होतेच. म्हणजे उमेदवार मनात भरला की पोरं येतात, आणि नाही भरला की घरी बसतात.

वेस्ट व्हर्जिनिया घ्या. नव्वद टक्क्यांच्या आसपास गोरे आणि मतदानात देशात तळाशी. तिथल्या खाणीच्या गावातल्या वीस वर्षांच्या पोराला कुणी वर्णामुळे अडवलेलं नाही. त्याला गरिबीने आणि निराशेने अडवलंय. तुमच्या मांडणीत त्याला जागाच नाही.

वाटसरू_अटलांटा

२००८ मध्ये ती केंद्राच्या परवानगीची अट जिवंत होती, शेल्बीचा निकाल त्यानंतर पाच वर्षांनी आला. हे वगळून ते वर्ष पुराव्याला घेता येणार नाही.

खाणीच्या गावातल्या पोराला जागा आहे. त्याच दिवशी नोंदणीची सोय त्यालाही हवी. मिनेसोटात ती सत्तरच्या दशकापासून आहे आणि ते राज्य मतदानात कायम वरच्या रांगेत असतं. पण त्याचा वर्ण बघून त्याच्या सोयी कुणी छाटल्या नाहीत. हा फरक मी सोडणार नाही.

हिशेबी

मिनेसोटावर सहमत, तशी नोंदणी सगळीकडे हवी. पण मिनेसोटातही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय तरुणांच्या मतदानात अंतर आहे असं दिसलं, तर त्याचा दोष कोणत्या कायद्याला देणार? त्यावर लिहा, वाचतो.