पुढचं सस्पेन्शन बदललं, पण ८० च्या पुढे ट्रक सरळ चालत नाही

जुनाट्रक५१: १९५१ च्या शेव्हरले ३१०० चा सरळ ॲक्सल आणि पुढचे पाटे काढून मस्टँग-टू (फोर्डची कार) पद्धतीचा क्रॉसमेंबर, म्हणजे नवं पुढचं सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई, वेल्ड केलाय. चासी पाणसळीत ठेवूनच जोडलं. कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे कल) ३ अंश, कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्य, टो (चाकांची पुढची बाजू आत-बाहेर वळलेली असणं) २ मिमी आत. पण ८० च्या पुढे सारखं स्टेअरिंग सावरावं लागतं, वळण संपलं तरी चाकं आपसूक सरळ होत नाहीत. स्टेअरिंगचा रॅक बदलू का?

चासीवाला: रॅकला हात लावू नका. जोडताना चासी पाणसळीत होती, पण आज गाडी कशी उभी आहे?

जुनाट्रक५१: मागची बाजू १०० मिमी उंच. मोठे टायर बसवायचे होते.

चासीवाला: मग कॅस्टर तिथेच गेला, आणि चाकं सरळ आणतो तो कॅस्टरच. व्हीलबेस ११६ इंच, म्हणजे सुमारे २९५० मिमी. त्यावर १०० मिमीचा उतार म्हणजे जवळजवळ २ अंश. नाक खाली झुकलं की चाकाच्या वरच्या-खालच्या बॉल जॉइंटना (चाक ज्यांवर वळतं ते सांधे) जोडणारी रेषाही तेवढीच पुढे कलते. ३ मधले २ गेले, उरला १. पॉवर रॅक आणि रेडियल टायर असताना मला ४ च्या आसपास हवाच.

माझ्या पहिल्या गाडीत हीच चूक झाली होती, अख्खा क्रॉसमेंबर कापून परत जोडावा लागला. तेव्हापासून टायर, इंजिन, मागचे पाटे सगळं ठरवून, गाडी शेवटी जशी उभी राहणार त्या कलातच चासी ठेवतो आणि मग वेल्डिंगला हात घालतो.

तुमचं कापावं लागणार नाही बहुधा. वरच्या आर्मचा (चाकाला वरून धरणारा दांडा) शाफ्ट जिथे बसतो त्या माउंटला लांबट खाचा असतील. शाफ्टचं पुढचं टोक बाहेर, मागचं आत सरकवा, म्हणजे वरचा बॉल जॉइंट मागे जातो. बॉल जॉइंटमधलं अंतर २५० मिमी धरलं तर अंशाला साधारण ४.५ मिमी. कँबर हलेल, तो नंतर पुन्हा लावा.

टायरॉड: स्प्रिंग काढून चाक जॅकने ५० मिमी वर-खाली करून टोही बघा. टो बदलत असेल तर रॅकची उंची किंवा रुंदी चुकलीय. खड्ड्यात गाडी स्वतःच वळते ती त्यामुळेच.

जुनाट्रक५१: खाचेत दीड अंशच मिळाला. मागची बाजू ५० मिमी उतरवली, तिथून आणखी एक. आता साडेतीन. टो जॅकवर जवळपास हलत नाही. आज ९० ला चालवली, वळणानंतर स्टेअरिंग सोडलं की स्वतःहून सरळ येतंय. चासीवाला, मनापासून आभार.