दप्तराविना दिवस: कारखान्याची भेट सहल होऊ नये म्हणून

तक्रार अशी असते की सहावी ते आठवीसाठीचे दहा दप्तराविना दिवस (राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधले, मुलांनी स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याचे) नुसत्या सहलीत जातात. मूळ चूक संख्येत आहे. साठ मुलं वर्कशॉपमध्ये नेली की मागच्या पन्नासांना मशीनच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. आठ-दहांचा गट करा, सोबत एक शिक्षक.

मालकाला आधी एकट्याने भेटा आणि मागणी नेमकी ठेवा: दोन तास, एक कारागीर, एक काम. ‘मुलांना मार्गदर्शन करा’ म्हटलं की भाषणच मिळतं. वार विचारून घ्या, कारण औद्योगिक वसाहतीची सुट्टी रविवारीच असेल असं नाही. पुण्याजवळच्या भोसरीकडे ती बहुधा गुरुवारी असते. शिफ्ट बदलण्याची वेळ टाळा.

कामही छोटंच हवं. ड्रॉइंगवर २५ ± ०.०५ मिमी (म्हणजे २४.९५ ते २५.०५ चालेल) लिहिलेली पिन द्या आणि व्हर्नियर कॅलिपरने (जबड्यात वस्तू धरून मोजायचं साधन) प्रत्येकाला तीनदा मोजायला लावा. त्याचं लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारा सर्वात लहान फरक, ०.०२ मिमी. जबडा तिरका धरला की माप जास्त येतं, दाबून धरला की कमी. तिघांची तीन उत्तरं आली की ‘पास की रिजेक्ट?’ हा वाद मुलं स्वतःच घालतात. तो घालू द्या, शिक्षकांनी मध्ये पडू नये.

चालू मशीनला हात लावू देऊ नका. बंद बूट हवेत, ओढणी आणि मोकळे केस बांधलेले हवेत. पालकांचं संमतिपत्र आधीच घ्या.

आणि सुतार, गवंडी, नर्सरीवाले यांना विसरू नका. ते शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतात, बसचा खर्चच नाही.