शाळेच्या छतावरचं पावसाचं पाणी साठवायचंय, टाकी किती मोठी घ्यावी?

गणिताचा_तास:
नमस्कार मंडळी. शाळेत पावसाचं पाणी साठवायचं ठरलंय पण टाकीपाशी गाडी अडलीय. छप्पर पत्र्याचं आहे, मोजून 200 चौरस मीटर भरलं, पाऊस वर्षाला साधारण 700 मिलिमीटर आणि मुलं 300. पावसाळा सरला की काही महिन्यांत पाण्याची बोंब सुरू होते आणि पहिली कात्री लागते ती स्वच्छतागृहाला, मग मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, ते बघवत नाही. समितीत एकजण म्हणतात वर्षभराचं पाणी साठवू, दुसरे म्हणतात एक टाकी आणून ठेवा आणि विषय संपवा. नक्की काय करावं? आणि हे पाणी प्यायला चालतं का?

पागोळी:
सर आधी हिशोब करू. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं, म्हणजे 200 गुणिले 700, 1,40,000 लिटर. काही उडून जातं, काही पन्हळीबाहेर सांडतं, तापलेल्या पत्र्यावरची पहिली सर तर वाफ होऊनच जाते, म्हणून 80 टक्के धरा, 1,12,000 लिटर. आकडा बघून हुरूप येतो पण आता खर्च बघा, हात धुणं आणि स्वच्छतागृह मिळून डोक्यामागे 5 लिटर धरले तरी रोजचे 1500 लिटर, म्हणजे थेंबन् थेंब साठवला तरी 75 दिवसांच्या आत सगळं संपतं आणि तेवढ्या पाण्याला एक अख्खी वर्गखोली भरून टाकी लागेल. वर्षभराचं डोक्यातून काढून टाका. 10,000 लिटरची घ्या, ती साधारण 60-65 मिमी पावसात भरते, आणि भरली की जपून ठेवू नका, पावसाळाभर रोज स्वच्छतागृहाला तेच पाणी वापरा. टाकी रिकामी होत राहिली तरच पुढच्या पावसाला जागा मिळते. गच्च भरलेल्या टाकीवर कितीही पाऊस पडला तरी उपयोग शून्य.

कोरडा_नळ:
पागोळी यांचा हिशोब बरोबर आहे पण सरांची अडचण पावसाळ्यातली नाहीच ना, नंतरची आहे. पावसाळ्यात टाकीचं वापरलं तर तेवढे दिवस बोअरला किंवा विहिरीला आराम मिळतो हे मान्य, पण त्याचा फायदा पुढे दिसायचा तर टाकीचा ओव्हरफ्लो गटारात सोडून चालणार नाही. तो खडी-वाळूच्या शोषखड्ड्यात न्या, इमारतीच्या पायापासून आणि शौचालयाच्या टाकीपासून चांगला लांब. बोअरमध्ये थेट पाणी सोडायचं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, न गाळलेली घाण एकदा खाली गेली की काढता येत नाही. आणि पाऊस संपता संपता मात्र टाकी भरून राखून ठेवा, तेवढा आठवडाभराचा आधार.

पत्र्याखाली:
टाकीवर सगळे बोलतायत पण काम बिघडतं ते पन्हळीत आणि पाईपात. पन्हळीला मीटरला 1 सेंमी तरी उतार हवा, पाणी तुंबलं की तिथेच डास. पाईपाचा ढोबळ नियम म्हणजे 1 चौरस मीटर छपराला 1 चौरस सेंमी तोंड, म्हणजे तुमच्या छपराला 110 मिमीचे निदान दोन पाईप लागतील, तीन घेतलेत तर जोराच्या सरीलाही निभावतील.
सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिलं पाणी टाकीत जाता कामा नये!! पक्ष्यांची विष्ठा, धूळ, कुजलेला पाला सगळं त्यात असतं. पहिला 1 ते 2 मिमी पाऊस बाजूला काढायचा, तुमच्याकडे ते 200 ते 400 लिटर होतात. व्हॉल्व्ह हाताने फिरवायची पद्धत शाळेत टिकत नाही कारण पाऊस रात्री आणि रविवारीही येतो, त्यामुळे या पाण्यासाठी वेगळं पिंपच जोडा, ते भरलं की पुढचं पाणी आपोआप टाकीकडे वळतं आणि पिंपाच्या तळाच्या बारीक छिद्रातून ते हळूहळू रिकामं होतं.
टाकी झाकलेली आणि आत उजेड न जाणारी, नाहीतर शेवाळ धरतं. प्रत्येक तोंडाला बारीक जाळी, ओव्हरफ्लोलाही. झाकणाला कुलूप लावाच, मुलं आहेत. आणि 10,000 लिटर म्हणजे 10 टन वजन, चौथरा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकी ठेवू नका.

गणिताचा_तास:
खूप आभार, पिंपाचं तर डोक्यातच नव्हतं. पिण्याचं कुणी सांगेल का?

स्वच्छ_पेला:
माझं मत, पिण्यात घालू नका, निदान सुरुवातीला तरी. पाणी नितळ दिसलं म्हणजे जंतू नाहीत असं नसतं. दुसरा इलाजच नसेल तर गाळून क्लोरीन घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि नंतर लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का ते किटने तपासायचं, तेही रोज, आणि लॅबमधून जंतूंची तपासणी वेगळी. हे रोज करणारा माणूस शाळेत आहे का ते आधी बघा. छपराला सिमेंटचा जुना पत्रा किंवा शिशाचा रंग असेल तर पिण्याचा विचारच नको. या पाण्याच्या नळांना वेगळा रंग द्या आणि पिण्याच्या लाईनला कुठेही जोडू देऊ नका, लहान मुलं दिसेल त्या नळाला तोंड लावतात.

पागोळी:
एक राहिलं. मोठ्या सुट्टीत पन्हळीत पाला साचतो. शाळा उघडायच्या आधी आणि पहिला पाऊस यायच्या आत पन्हळ, जाळ्या, पिंप आणि टाकीचा तळ साफ व्हायला हवा, ते काम कुणा एकाच्या नावावर लिहून ठेवा. टाकीचा नळ तळापासून वीतभर वर बसवा म्हणजे गाळ ओढला जात नाही, आणि अगदी तळाला धुण्यासाठी वेगळी तोटी. पर्जन्यमापक मुलांकडेच द्या, रोजचे मिमी आणि टाकीची पातळी फळ्यावर लिहू देत.